युरियाच्या नळीने शिकवलेलं परासरण

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी परासरण (पातळ पटलातून पाण्याचं जास्त दाट द्रावणाकडे जाणं) आपल्याला येतं, याची मला पक्की खात्री होती. व्याख्या तोंडपाठ, आकृतीही झटक्यात काढायचो. मग प्रात्यक्षिकाला तीन परीक्षानळ्या पुढ्यात आल्या: ०.९ टक्के मिठाचं द्रावण, ऊर्ध्वपातित पाणी आणि ०.३ मोलर युरिया. तिन्हींत रक्ताचे दोन-दोन थेंब.

नळीमागे छापील कागद धरायचा. मिठाची नळी गढूळच राहिली, अक्षरं दिसेनात. पाण्याच्या नळीत तांबड्या पेशी फुटल्या. द्रावण लालच, पण आरपार, अक्षरं लख्ख. युरियापुढे मी वहीत आधीच 'समपरासारी (पेशीच्या आत-बाहेर कणांचं प्रमाण सारखं), बदल नाही' असं लिहून टाकलं होतं. बघता बघता तीही नळी स्वच्छ झाली.

कणांची संख्या मी बरोबर मोजली होती. मिठाचे सोडियम आणि क्लोराइड मिळून लिटरमागे साधारण ३०० मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं एकक), युरियाचेही तेवढेच. पण युरिया प्रद्रव्यपटलातून, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातून, आत शिरतो आणि त्याच्यामागोमाग पाणीही. सोडियम मात्र बाहेरच राहतो. थोडाफार आत झिरपला तरी पेशीतला पंप त्याला बाहेर काढतो. म्हणून गणित सोडवताना आधी विचारा: यातला कोणता पदार्थ पटल ओलांडतो? नव्याने शिकणाऱ्यांची निम्मी गल्लत इथेच होते, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी अडचण 'दाब' या शब्दाची. चंचुपात्रातलं द्रावण कुणावर दाब टाकत बसलेलं नसतं. पटलापलीकडून येणारं शुद्ध पाणी थोपवायला जेवढा दाब द्यावा लागेल, तो त्या द्रावणाचा परासरण दाब. हा दाब काढायच्या व्हान्ट हॉफच्या सूत्रात (कणांची संहती गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान) एकदा स्वतः आकडे घाला: ०.३ गुणिले ०.०८२१ गुणिले ३१०. उत्तर येतं सुमारे ७.६ वातावरण, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या तेवढ्या पट! तापमान केल्विनमध्येच घ्या, आणि मिठासाठी कण दुप्पट धरायला विसरू नका. हा आकडा पाहिला की शुद्ध पाण्यात तांबडी पेशी का टिकत नाही, हे पाठ करावं लागत नाही.

वनस्पतीपेशी टिकते ती पेशीभित्तिकेमुळे, म्हणजे पटलाबाहेरच्या कडक भिंतीमुळे. लाल कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि काचेच्या कडेने मिठाचं दाट द्रावण सोडा. जांभळा रंग भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होत जातो. हा रससंकोच. मग साधं पाणी सोडा आणि डोळा भिंगावरून हलवू नका. रंग हळूहळू पुन्हा कडेपर्यंत पसरतो.