गहू किती एकर पेरायचा? विहिरीच्या पाण्याचं एका पानाचं मॉडेल

दिवाळी झाली की आमच्या खान्देशात पारावर एकच प्रश्न, "हिरमा पानी कितलं शे भो?" (विहिरीत पाणी किती आहे?) आणि सगळे पातळी सांगतात, एवढे परस, तेवढे परस (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली). पण पेरायचं ठरवायला पातळीपेक्षा आवक बघायला लागते, उपसल्यावर परत किती भरते ती.

मी आधी एक्सेलमध्ये २२ कॉलम केले होते, पाऊस, बाष्पीभवन, जमिनीचा प्रकार, सगळं. वडिलांनी बघितलं नि विचारलं, मग गहू किती एकर? ते त्यात नव्हतंच. तर आधी प्रश्न लिहा, एकच, आणि ज्या आकड्याने उत्तर हलत नाही तो खोडा.

आता मोजा. गोल विहिरीचा व्यास फुटात घ्या, व्यास गुणिले व्यास गुणिले २२, एवढे लिटर साधारण एका फुटात. २० फुटी विहीर म्हणजे फुटाला ८,८०० लिटर. मोटार बंद केली की दोरी सोडून पातळी घ्या, परत चालू करायच्या आधी घ्या, दोन्हींतला फरक म्हणजे चढ. दोरी नेहमी कठड्यावरच्या एकाच खुणेपासून, आणि मोटार रोज एकाच पातळीला बंद करा, कारण विहीर रिकामी असताना झरे जोरात येतात, भरत आली की मंदावतात. मोटार चालू असताना येणारं पाणी मी धरतच नाही, ते पाटाच्या गळतीत गेलं समजायचं.

समजा नोव्हेंबरात रोज १० फूट चढतं, म्हणजे ८८,००० लिटर. २० दिवसांच्या पाळीला (एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत) साडेसतरा लाख झाले. एकराला ६ सेंटीमीटर पाणी भरायला २.४ लाख लागतात, म्हणजे ७ एकर. इथंच माणूस फसतो! जानेवारीत चढ ४ फुटांवर आला तर ७ लाखच, ३ एकरसुद्धा पुरत नाही, आणि गव्हाचा दाणा भरायचा तेव्हाच असतो. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीचा आकडा धरा, बाकी रानात हरभरा टाका, त्याचं एक-दोन पाण्यात भागतं. पांझरा नदीच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावाने मिळून भिजवायच्या रानात, पाणी बघून पीक ठरवायचे ते हेच, फक्त एक्सेल नव्हतं.

पहिल्या वर्षी जुनी नोंद नसते, तेव्हा मी नोव्हेंबरचा आकडा सरळ निम्मा करतो, पाऊस कमी असला तर अजून खाली. अंदाज पेनाने लिहायचा, पेन्सिलने नाही, नाहीतर नंतर आपणच गुपचूप बदलतो. गेल्या वर्षी मी ४ फूट लिहिले, निघाले ३, शेवटच्या पाळीला अर्धा एकर गहू कोरडा सोडला.