टीव्हीला मॉनिटर म्हणून जोडताना या चुका टाळा

टीव्हीवर संगणक जोडल्यावर अक्षरे फुटकी दिसतात, अशी तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा टीव्ही धडधाकट असतो. टीव्ही सिनेमा आणि क्रिकेट दाखवण्यासाठी घडवलेला असल्यामुळे आलेले चित्र तो आपल्या परीने ताणतो, उजळतो, गुळगुळीत करतो. संगणकाने पाठवलेला प्रत्येक ठिपका मात्र पडद्यावरच्या नेमक्या एका ठिपक्यावर उमटला, तरच अक्षर स्वच्छ दिसते.

कोथरूडला आमच्या सोसायटीत घरून दुकानांचे हिशेब लिहिणारे एक काका आहेत. त्यांनी पुण्याच्या तापकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून ४३ इंची फोर-के (३८४० × २१६० ठिपक्यांचा) टीव्ही आणला. जोडल्याबरोबर खालची टास्कबार निम्मी कापली गेली, म्हणून त्यांच्या भाच्याने संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन चित्रच आक्रसून बसवले. टास्कबार दिसू लागली, पण हिशेबातला ६ कोणता आणि ८ कोणता हे कळेना, आणि काका टीव्ही परत करायला निघाले. या घाईचा मला मनापासून राग येतो. पिक्चर ट्यूबच्या काळात चित्राच्या कडा धड येत नसत, म्हणून टीव्ही चित्र किंचित मोठे करून कडा पडद्याबाहेर ढकलत असे. ओव्हरस्कॅनची ही सवय आजही अनेक टीव्हींत शिल्लक आहे. इथे संगणक चित्र लहान करून पाठवत होता आणि टीव्ही ते पुन्हा मोठे करत होता, म्हणजे प्रत्येक अक्षराची दोनदा ओढाताण होत होती. मी भाच्याचे सेटिंग पूर्ववत केले आणि टीव्हीच्या मेनूतून ओव्हरस्कॅन बंद केला. हा पर्याय एलजीच्या टीव्हीत 'जस्ट स्कॅन', तर सॅमसंगच्या टीव्हीत 'फिट टू स्क्रीन' या नावाने सापडतो.

काळे आकडे लख्ख झाले, तरी तुटीचे लाल आकडे शाई फुटल्यासारखे पसरटच राहिले. याचे कारण वेगळे होते. चित्र ४:२:० या रंगाची माहिती कमी करून पाठवण्याच्या पद्धतीने येत होते. या पद्धतीत प्रत्येक ठिपक्याचा उजेड स्वतंत्र येतो, पण रंग चार ठिपक्यांत मिळून एकच असतो. सिनेमात ते जाणवत नाही, बारीक रंगीत अक्षरांत लगेच जाणवते. संगणकाची केबल ज्या एचडीएमआय इनपुटला लावली होती त्याला टीव्हीच्या मेनूत 'पीसी' असे नाव दिले, त्याच पोर्टचा यूएचडी कलर हा पूर्ण रंग स्वीकारण्याचा पर्याय चालू केला, संगणकावर प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग देणारी ४:४:४ पद्धत निवडली आणि काकांनी चष्मा न काढता तूट वाचून दाखवली.

शार्पनेस वाढवून अक्षरे सुधारत नाहीत. 'ळ'च्या वळणांभोवती पांढरी कड दिसत असेल, तर ती कड नाहीशी होईपर्यंत मी शार्पनेस खाली आणतो. बऱ्याच टीव्हींवर तो शून्यापर्यंत जातो.

३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही वाचनासाठी घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात बहुधा १३६६ × ७६८ एवढेच ठिपके असतात. संगणकावर १०८०पी (१९२० × १०८० ठिपके) निवडले तरी टीव्ही ते निमूटपणे स्वीकारतो आणि आतल्या आत दाबून बसवतो. त्याच्या एका इंचात सुमारे ४९ ठिपके मावतात, तर २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर सुमारे ९२. काकांच्या ४३ इंची फोर-के टीव्हीवर ते सुमारे १०२ आहेत, म्हणून तिथे कष्टाचे चीज झाले.

माउसचा बाण हाताच्या मागे राहत असेल, तर टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्रावरची प्रक्रिया कमी करणारा पर्याय, लावावा. जुन्या लॅपटॉपचे एचडीएमआय १.४ आवृत्तीचे असेल, तर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवरच थांबते. तिथे १०८०पी आणि ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रे) घेणे बरे. काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा गडद भाग एकमेकांत मिसळून जात असतील, तर संगणक आणि टीव्ही या दोघांची आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्यांचा पल्ला), फुल किंवा लिमिटेड, एकसारखी ठेवावी.

हे सारे बदल मी एकावेळी एकच करतो आणि मूळचे सेटिंग आधी कागदावर लिहून ठेवतो. काकांच्या टीव्हीमागे तो कागद अजून चिकटवलेला आहे.