बॅकहो शिकताय? आधी अर्ध्या दिवसाचीच पाळी धरा

मृग 7 जूनच्या आसपास लागतो. त्याआधी फळबागेचे खड्डे, बांधाकडेचे चर, पाइपलाइन उरकायची म्हणून ट्रॅक्टरला बॅकहो (मागे जोडायचा, माती खोदणारा हायड्रॉलिक हात) जोडायचा हाच मोसम. ट्रॅक्टर वर्षानुवर्षे चालवतोय, मग यात काय एवढं, असं मलाही वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरत होता.

मी लिव्हर मुठीत आवळून ओढत होतो. ताकद हायड्रॉलिकची; आपण फक्त बोटांनी सांगायचं. कोपर अंगालगत ठेवा, लिव्हर हळूहळू सरकवा. झटका दिलात की बूम (ट्रॅक्टरकडचा मोठा दांडा) हिसका मारतो आणि तो हिसका थेट कमरेत उतरतो. शिकताना रेस कमी ठेवा. पहिले दोन दिवस तर खोदूच नका. मोकळ्या रानात बकेट जमिनीच्या वीतभर वर धरून एका रेषेत आपल्याकडे ओढत राहा. बूम आणि पुढचा दांडा एकाच वेळी हलवावे लागतात. सुरुवातीला बकेट हमखास जमिनीत घुसते. ती घुसायची थांबली की खड्ड्याला हात घाला.

आंब्याला 1 बाय 1 बाय 1 मीटरचा खड्डा. एकदम खोल घास नको, पातळ थर काढा. वरची माती एकीकडे, मुरूम दुसरीकडे, दोन्ही काठापासून दोन फूट तरी लांब. काळ्या रानातला खोल चर कधी ढासळेल सांगता येत नाही, आत माणूस उतरवू नका.

मान वळवून काम करू नका, पूर्ण बॅकहोकडे तोंड करून बसा. तासाभराने खाली उतरा, पण उडी मारून नाही. सकाळी 6 ते 10 किंवा मग उन्हं कलल्यावर. बोटांना मुंग्या आल्या किंवा कमरेतून पायात कळ गेली तर त्या दिवशी काम बंद आणि डॉक्टरांना दाखवा.

जॅक (ट्रॅक्टर स्थिर धरणारे दोन्ही बाजूंचे पाय) घट्ट टेकल्याशिवाय बूम फिरवायचा नाही. उतारावर भरलेली बकेट चढाच्या बाजूला रिकामी करा, नाहीतर ट्रॅक्टर कलंडतो. वर विजेच्या तारा बघा. हायड्रॉलिक पाइप गळत असेल तर हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. दाबातलं तेल कातडीत घुसतं, खूण काटा टोचल्याएवढीच दिसते. तरीही तडक दवाखाना गाठा.

संध्याकाळी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर हलवा म्हणजे दाब उतरेल, आणि मगच पिनांना ग्रीस द्या.