फ्लॅश टाकून द्या ना भाऊ! जुन्या कॉम्प्युटरवर या चुका टाळा

नागपूरच्या नंदनवन भागातल्या माझ्या दुकानात महिन्यातून दोन-चारदा तरी कोणी एखादा जुना सीपीयू घेऊन येतं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "भाऊ, याच्यात साइट काहून नाही उघडून राहिली? थे फ्लॅश टाकून द्या ना."

फ्लॅश म्हणजे साइटवरचे व्हिडिओ आणि गेम चालवणारं प्लग-इन, ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. त्याचं तेरावं कधीच आटोपलं. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने ते बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून आत शिल्लक असलेलंही चालू देईना. बाकीच्या प्लग-इनांची गत वेगळी नाही. क्रोमने २०१५ मध्ये जुनी प्लग-इन काढून टाकली. फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश सोडून सगळी काढली. जावाचं ब्राउझरमधलं प्लग-इन २०१८ च्या जावा ११ मधून गेलं, सिल्वरलाइट ऑक्टोबर २०२१ मध्ये. मग अपडेट करायला उरलंच काय? म्हणून 'तुमचा प्लेअर जुना झाला आहे, अपडेट करा' अशी खिडकी आली की समोर चोर उभा आहे असंच समजायचं.

महालातल्या एका काकांनी अशाच खिडकीवर 'अपडेट' दाबलं. त्यांना भजनं ऐकायची होती. त्यानंतर ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पान यायचं आणि कोपऱ्यातून दर पाच मिनिटांनी 'आपका कंप्यूटर खतरे में है' अशी पट्टी. काकांना वाटलं व्हायरस, मुलाला वाटलं नवा कॉम्प्युटर घ्यावा लागणार. मी आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणकोणत्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली आहे ते बघतो आणि सगळ्या उडवतो. मग एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरमध्ये घुसलेले छोटे जोड-प्रोग्राम. मग कंट्रोल पॅनलमधली प्रोग्रामची यादी तारखेप्रमाणे लावतो. ज्या दिवशी दुखणं सुरू झालं त्या दिवशीचे पाहुणे एका ओळीत सापडतात. वीस मिनिटांचं काम होतं ते.

पण माझा खरा राग आहे तो घड्याळाकडे न बघणाऱ्यांवर.

मानेवाड्याकडे एक झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं दुकान आहे. मालकाची तक्रार अशी, की रोज सकाळी एकही साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. दुकानातल्या पोट्ट्याने क्रोम काढून पुन्हा टाकलं, जावा टाकलं, कुठून तरी जुनं फ्लॅशही आणून टाकलं. काहीच होईना म्हणून शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून पाचशे रुपये देऊन फॉरमॅट मारून आणलं. सी ड्राइव्हच्या डेस्कटॉपवर लग्नपत्रिकांच्या फाइली होत्या, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या, श्रीलिपीच्या मराठी फॉन्टात बसवलेल्या, तीन वर्षांच्या. त्या गेल्या. वर कोऱ्या विंडोज ७ मध्ये आला इंटरनेट एक्स्प्लोरर ८, ज्याला आजच्या साइटशी बोलताच येत नाही. आता क्रोम डाउनलोड करायलाही ब्राउझर उरला नाही.

मला बोलावलं तेव्हा मी खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. तारीख होती १ जानेवारी २००९.

साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं एक सर्टिफिकेट असतं, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. कॉम्प्युटर २००९ मध्ये जगत असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नाही. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते, ती संपली होती. लाइन चालू असेपर्यंत घड्याळ बोर्डाच्या करंटवर चालतं. रात्री दुकान बंद करताना मालक भिंतीवरचं बटन बंद करायचा, की तारीख मागे. पोट्टा सकाळी ती कधीकधी हाताने नीट करायचा, पण त्याच वेळी टाकलेल्या जावामुळे काम झालं असं समजायचा! फरक वर्षांचा असला की विंडोजही आपणहून घड्याळ जुळवत बसत नाही. बॅटरी चाळीस रुपयांची. बदलायला वायर काढून, झाकण उघडून, पाच मिनिटं. जुन्या सीपीयूला हात लावण्याआधी मी ती बदलूनच टाकतो, तिचं व्होल्टेज मोजत बसत नाही. आतली धूळही तेव्हाच ब्रशने काढतो. नागपूरच्या उन्हाळ्यात ती पंख्यावर नमद्यासारखी बसलेली असते.

विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. तिची पूर्ण इन्स्टॉल फाइल मी कायम पेनड्राइव्हमध्ये ठेवतो. पण तिच्यावर बँकेचा व्यवहार करू नका. तेवढं मोबाइलवरून करा, मला फोन करून 'पण चालते ना?' विचारू नका.

दुसरं ठरलेलं दुखणं डीव्हीआरचं, म्हणजे सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याचं. त्याचं पान उघडलं की 'प्लग-इन डाउनलोड करा' येतं, माणूस दहा वेळा डाउनलोड करतो, दहा वेळा इन्स्टॉल करतो आणि क्रोमवर काळी चौकट तशीच. ते प्लग-इन ॲक्टिव्हएक्सचं, म्हणजे इंटरनेट एक्स्प्लोररसाठी बनवलेलं असतं, क्रोमला ते कधीच कळलं नाही. विंडोज १० वर एज या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये 'डिफॉल्ट ब्राउझर' मध्ये जाऊन इंटरनेट एक्स्प्लोरर मोड चालू करा आणि डीव्हीआरचा पत्ता त्या यादीत घाला. ही नोंद ३० दिवसांनी आपोआप गळते, म्हणून महिन्याने 'पुन्हा बिघडलं' असा फोन येतो. बिघडलं नसतं, परत घालायचं असतं. आणि डीव्हीआरला थेट मॉनिटर जोडता येत असेल तर ब्राउझरची भानगडच कशाला?

सरकारी पीडीएफ फॉर्म क्रोममध्ये उघडला आणि नुसतं 'प्लीज वेट' दिसतंय? तासभर वाट बघितली तरी तेच दिसेल. फाइल सेव्ह करा आणि अडोबी रीडरमध्ये उघडा.

मुलांच्या जुन्या अभ्यासाच्या सीडीत .ईएक्सई फाइल असेल तर ती बहुतेक चालते, तिच्या पोटातच प्लेअर असतो. नुसती .एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशची फाइल असेल तर रफल वापरून बघा, तो फ्लॅशशिवाय अशा फाइली चालवणारा प्रोग्राम आहे. सगळं चालेल असं नाही, साध्या गोष्टी चालतात.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर-अपडेटर यातलं काही ठेवू नका.

आणि काही अडलं तर लगेच फॉरमॅट मारू नका, आधी फोटो पाठवा. पूर्ण स्क्रीनचा, नुसत्या एररचा नाही. खालचा उजवा कोपरा घड्याळासकट येऊ द्या.