लॅपटॉप घेताना कीबोर्डच्या कडा बघा, मधली अक्षरं सगळीकडे सारखीच असतात

रॅम किती, एसएसडी किती, प्रोसेसर कुठल्या जनरेशनचा, हे सगळं आपण दुकानदाराला खोदून खोदून विचारतो आणि कीबोर्डकडे बघतसुद्धा नाही, कारण काय तर क्वर्टीच असणार ना. अक्षरं सारखीच असतात हो, सगळा घोळ कडेला असतो. म्हणून डेमो पीसवर नोटपॅड उघडा आणि खाली न बघता चार ओळी टाइप करा, कॉपी पेस्ट करून बघा. ऑनलाइन घेणार असाल तर कीबोर्डचा वरून काढलेला फोटो झूम करून बघा, तेवढं पुरतं.

पहिला बघायचा तो डावा खालचा कोपरा. तिथे कंट्रोल आहे की एफएन (Fn, दुसऱ्या कीसोबत धरून तिचं वेगळं काम करून घ्यायची की)? लेनोवोच्या थिंकपॅडवर कित्येक वर्षं एफएन कोपऱ्यात होती, मॅकबुकवर आजही आहे, बाकीच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपवर तिथे कंट्रोल असते. ऑफिसात एक आणि घरी दुसरा असेल तर करंगळी रोज फसते. आणि खरी गोम अशी की एफएन बहुतेक ठिकाणी कीबोर्डच्या आतला कंट्रोलरच सांभाळतो, ती दाबली हे विंडोजला कळतच नाही, त्यामुळे कीज बदलणारं साधं सॉफ्टवेअर टाकून ती हलवता येत नाही. थिंकपॅडच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, दोन्हींची अदलाबदल करायचा ऑप्शन असतो. तुमच्या मॉडेलच्या बायोसमध्ये तो नसेल तर विषय संपला, म्हणून हे घेण्याआधी बघायचं.

मग ॲरो. उलट्या टी आकाराचे ॲरो १९८० च्या दशकात डेक कंपनीच्या एलके२०१ कीबोर्डमुळे रुळले, डेस्कटॉपवर आजही तसेच आहेत, पण लॅपटॉपवर वरचा-खालचा ॲरो अर्धा कापून एकाच कीच्या जागेत कोंबतात. दिवसभर एक्सेल असेल तर हे नक्की नडतं. होम, एंड कुठे उजव्या कडेला उभ्या रांगेत, कुठे एफएन धरून ॲरो दाबायचा. पॉवर बटण डिलीटला चिकटून असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ‘पॉवर बटण दाबल्यावर काहीही करू नको’ असं करून टाका, आधीच.

मराठी टाइप करणाऱ्यांनी उजवी कड जास्तच नीट बघा. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या लेआउटमध्ये च सेमीकोलनवर, ट त्याच्या शेजारच्या अवतरण चिन्हाच्या कीवर, ड चौकोनी कंसावर आणि डॉक्टर, कॉलेजमधला ॉ बॅकस्लॅशवर. म्हणजे कंपनीने जागा वाचवायला ज्या कीज बारीक केल्या त्या इंग्रजीवाल्याला क्वचित लागतात आणि आपल्याला प्रत्येक वाक्यात. ब्रिटनहून कोणी लॅपटॉप आणला असेल तर तिथे एंटर उभा असतो आणि हा ॉ एंटरच्या लगेच डावीकडे, हॅश छापलेल्या कीवर येतो. गंमत बघा, भारतीय लिप्यांसाठी सगळ्यांना एकच इनस्क्रिप्ट लेआउट सरकारने १९८० च्या दशकातच ठरवून दिला, पण ज्या पत्र्यावर तो बसवायचा त्याच्या कडा प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने कापते.

लॅपटॉप आधीच घरात असेल तर जमेल तेवढं दुरुस्त करा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं, त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये एक की दुसरीवर टाकता येते, कॅप्स लॉकला कंट्रोल केलं तर कोपऱ्याचं दुखणं बरंच कमी होतं. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मॉडिफायर कीज बघा. एफ२, एफ५ दाबल्यावर आवाज नाहीतर ब्राइटनेसच बदलत असेल तर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बघा, बऱ्याच मॉडेलवर एफएनचं लॉक त्यानेच लागतं-सुटतं. ₹ साठी भाषेच्या सेटिंगमध्ये इंग्लिश (इंडिया) कीबोर्ड घ्या, मग उजवा ऑल्ट आणि ४.

आता कोणी म्हणेल तेरा इंची पातळ लॅपटॉपमध्ये जागाच कुठेय. मान्य, नंबरपॅड कोणी मागतही नाहीये. पण कंट्रोल कोणत्या कोपऱ्यात, पॉवर बटण कुठे नको, एफएनसोबत कुठला ॲरो म्हणजे होम, एवढं ठरवायला जागा लागत नाही. सगळ्यांना एकच चार्जर हेही अशक्य वाटायचं, युरोपियन युनियनने फोनसाठी २०२४ च्या अखेरीस यूएसबी-सी सक्तीचं केलं आणि लॅपटॉपसाठी २०२६ ची मुदत दिली. इथे उलटंच चाललंय, २०२४ पासून बऱ्याच नव्या लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या एआय असिस्टंटची की येऊन बसली, विचारलं कोणी होतं?

टायपिंगची परीक्षा द्यायची असेल, म्हणजे क्लर्क-टायपिस्टसाठी मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा स्पीड लागतो तशी, तर लॅपटॉपवर प्रॅक्टिस करूच नका. केंद्रावर तुमचा लॅपटॉप नसणारे. साधा फुल साइज यूएसबी कीबोर्ड घ्या आणि त्यावरच हात बसवा.