पहिल्या रेटिंग स्पर्धेला कोणतं ओपनिंग घेऊन जावं?

सांगलीत बुद्धिबळ खेळणाऱ्याला प्रशिक्षक भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव सांगावं लागत नाही. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या नामवंत खेळाडू याच गावच्या, त्यांच्याच तालमीतल्या. त्यामुळे इथल्या रेटिंग स्पर्धेत (जिच्या निकालावरून खेळाडूचं मानांकन ठरतं) समोर शाळकरी पोर बसलं, तरी त्याची तयारी पक्की आहे असं धरूनच पहिली खेळी करावी.

नवख्यांना मी क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड हे ओपनिंग, म्हणजे डाव सुरू करायची ठरलेली पद्धत, सुचवतो. १९२७ साली कॅपाब्लांका आणि अलेखिन जगज्जेतेपदासाठी ३४ डाव खेळले, त्यातले ३२ याच ओपनिंगचे. यात पाठांतरापेक्षा प्याद्यांची रचना समजणं जास्त कामाला येतं. डी४ डी५, सी४ ई६ (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर; आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची) झालं की काळ्याचा सी८ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडला जातो. पुढे पांढऱ्याने डी५ वर मारामारी केली की उंटाची वाट मोकळी होते. पण पांढऱ्यालाही ठरलेली योजना मिळते.

मी पांढऱ्याकडून खेळलेल्या एका डावात हेच झालं. समोरचा मुलगा झटपट खेळत होता. घोडा डी७, मग एफ८, तिथून जी६. सगळा रोख माझ्या राजावर. मी हत्ती बी१ वर ठेवला, बी४ केलं आणि बी५ ढकललं. वजिराच्या बाजूला त्याची तीन प्यादी, माझी दोन. यालाच मायनॉरिटी अटॅक म्हणतात. सी६ वर मारामारी झाल्यावर त्याच्या तिथल्या प्याद्याला मागून आधार द्यायला प्यादं उरलं नाही. पुढे तासभर मी फक्त त्या एका घरावर दाब वाढवत होतो: हत्ती सी१, घोडा ए४, तिथून सी५. शेवटी ते प्यादं पडलं आणि हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्यात, गुण मिळाला.

काळ्याकडून खेळताना मात्र सी६ राखत बसू नका, गुदमराल. घोडा ई४ वर आणा, मोहरी राजाच्या बाजूला वळवा. त्या मुलाचा विचार बरोबरच होता, फक्त घोड्याला ई४ ची आठवण उशिरा झाली.

बाकी स्पर्धेचे नियम पहिल्या फेरीआधी आर्बिटरकडून (पंचांकडून) नीट समजून घ्या. मोहऱ्याला हात लावला की तेच हलवावं लागतं, आणि खेळी ज्या हाताने, घड्याळ त्याच हाताने. स्कोअरशीट, म्हणजे खेळ्या नोंदवायचा कागद, स्वच्छ लिहा. डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला विचारा, ‘थोडं बघूया का?’ सांगलीत सहसा कुणी नाही म्हणत नाही.