जपानमध्ये इंजिनीअरिंगचं मास्टर्स : बी.ई.च्या शेवटच्या वर्षापासून लॅबच्या दारापर्यंत

तारखा शेवटाकडून मोजायला घ्या. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि बऱ्याच पदव्युत्तर विभागांत सप्टेंबर-ऑक्टोबरलाही प्रवेश मिळतो. आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल जून-जुलैत, कधी त्याहून उशिरा लागतो. त्यामुळे ऑक्टोबरचा प्रवेश धरला तर डिग्री सर्टिफिकेटसाठी ऐन वेळी पळापळ ठरलेली. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याने पुढचा एप्रिल धरावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मध्ये जे सहा महिने मिळतात ते वाया जात नाहीत. भाषा, टोफेल आणि प्रोफेसरांशी पत्रव्यवहार त्यातच बसतो.

पात्रतेचा मुद्दा आधी निकालात काढा. मास्टर्ससाठी साधारणपणे एकूण सोळा वर्षांचं शिक्षण लागतं. बारावी अधिक चार वर्षांचं बी.ई. म्हणजे सोळा. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांचेही दहा अधिक तीन अधिक तीन, सोळाच होतात. मात्र अर्जाच्या नमुन्यात डिप्लोमाची तीन वर्षं स्वतंत्र ओळीत दाखवावी लागतात, नाहीतर बेरीज तेरा दिसते आणि अर्ज परत येतो. तीन वर्षांच्या बी.एस्सी.वाल्यांची पंधराच वर्षं भरतात. त्यांना बऱ्याच ठिकाणी मुख्य अर्जाच्या आधी वैयक्तिक पात्रता तपासणी करून घ्यावी लागते आणि तिची मुदत अर्जाच्या मुदतीच्या बरीच आधी संपते.

आत जायचे रस्ते मुख्यतः तीन. पहिला, इंग्रजीतून चालणाऱ्या कोर्सला थेट अर्ज : कागदपत्रं आणि ऑनलाइन मुलाखत. दुसरा, आधी ‘केंक्यूसेई’ म्हणजे रिसर्च स्टुडंट म्हणून सहा महिने ते वर्षभर लॅबमध्ये बसायचं आणि मग ‘इन्शी’ ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यायची. ती बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या सुमारास होते. गणित आणि शाखेचे मूळ विषय लेखी विचारतात आणि जुने पेपर बऱ्याच विभागांच्या संकेतस्थळावर असतात. केंक्यूसेईच्या काळात पदवी मिळत नाही आणि पुढचा प्रवेशही पक्का नसतो, हे घरच्यांना नीट समजावून सांगा. तिसरा रस्ता म्हणजे जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती. दूतावासामार्फत जायचं असेल तर अर्ज साधारण एप्रिल-मेमध्ये मागवतात, नंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत. प्राथमिक निवड झाली की विद्यापीठाकडून ‘नाइदाकु’ म्हणजे तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मिळवायचं असतं. त्यासाठी एका वेळी दोनच विद्यापीठांना विचारता येतं. म्हणून ती दोन कोणती, हे निकालाच्या आधीच ठरलेलं हवं.

खर्चाचा अंदाज घेताना सरकारी विद्यापीठांचा प्रमाण दर पाहा : वर्षाची फी ५,३५,८०० येन, प्रवेश शुल्क एकदाच २,८२,००० येन, मास्टर्सच्या अर्जाचं परीक्षा शुल्क ३०,००० येन. केंक्यूसेईला महिन्याला २९,७०० आणि प्रवेश शुल्क ८४,६००. पण हे सगळीकडे सारखं नाही. तोक्यो विद्यापीठाने पदवीची फी २०२५ च्या एप्रिलपासून ६,४२,९६० येन केली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी फी ठरवण्याची मर्यादाही सरकारने २०२४ मध्ये उठवली. तेव्हा दोन वर्षांपूर्वी गेलेल्या सीनिअरचा आकडा धरू नका, आपल्या वर्षाची प्रवेश पुस्तिका उघडा.

आता सगळ्यात जास्त वेळ जिथे द्यायचा ते काम : प्रोफेसरांना पत्र. जपानमध्ये तुम्ही विद्यापीठात जाता त्याहून जास्त एका लॅबमध्ये जाता. तुमचं टेबल, विषय, आठवड्याची चर्चा, पुढची नोकरीची शिफारस, सगळं त्या लॅबमधूनच येतं. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारं आणि पन्नास जणांना पाठवलेलं पत्र पहिल्या ओळीतच ओळखू येतं. उत्तर न येण्याचं मुख्य कारण हेच. आडनाव लिहून ‘प्रोफेसर’ किंवा ‘सेन्सेई’ म्हणा. विषयाच्या ओळीत कोणत्या प्रवेशासाठी लिहिताय ते द्या : मास्टर्स, एप्रिल अमुक साल, नाव, कॉलेज. पहिल्या परिच्छेदात त्यांचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक पेपर घ्या आणि त्यातल्या एकाच गोष्टीवर बोला. म्हणजे असं : ‘आकृती ४ मध्ये तापमान वाढल्यावर भेग वाढण्याचा वेग एकदम बदलतो, तिथे ऑक्साइडच्या थराचा परिणाम वेगळा काढला आहे का?’ एवढा एक प्रश्न तुमच्या दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त बोलतो. दुसऱ्या परिच्छेदात तुमचा बी.ई.चा प्रोजेक्ट, त्यात तुम्ही स्वतः काय केलं (चौघांच्या ग्रुपने काय केलं ते नव्हे) आणि कोणतं मशीन किंवा सॉफ्टवेअर हाताळलं ते. तिसऱ्यात फी कशी भरणार : स्वखर्च, मेक्स्ट की अन्य शिष्यवृत्ती. सोबत सी.व्ही., आतापर्यंतच्या गुणपत्रिका आणि दोन पानांचा रिसर्च प्लॅन, सगळं मिळून एकच हलकी पीडीएफ, फाइलला तुमचं नाव.

दोन आठवडे वाट पाहा, मग एकच आठवण. एकाच विभागातल्या दोघांना एकाच वेळी लिहू नका, ते एकाच बैठकीत शेजारी बसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याकडे प्रबंधांची सादरीकरणं असतात आणि ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या सणाची सुट्टी असते. त्या दिवसांत पाठवलेलं पत्र खाली गाडलं जातं.

कागदपत्रांत मराठी माणसाची खास अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं एकत्र, आडनाव वेगळं. डिग्रीवर कधी आईचंही नाव. जपानी कार्यालयाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. पासपोर्टवर जे आहे तेच अर्जात, टोफेलच्या नोंदणीत, बँकेच्या पत्रात, विमानाच्या तिकिटात, अक्षरनअक्षर तसंच लिहा. स्पेलिंगमध्येच फरक असेल (कुठे एक ‘ए’, कुठे दोन) तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून ठेवा. आणि पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा, नंतर प्रत्येक फॉर्मला तेच रडगाणं.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे गुणपत्रिकांच्या झेरॉक्स नव्हेत. विद्यापीठाने सही-शिक्क्यानिशी, बंद पाकिटात दिलेला एकत्रित उतारा लागतो. त्याला आठवडे जातात, म्हणून पाच प्रती एकदमच काढा आणि पाकिटं फोडू नका. निकाल बाकी असेल तर ‘अमुक महिन्यात पदवी अपेक्षित’ असं कॉलेजचं पत्र चालतं, पण मूळ पदवी नंतर दाखवावी लागते. इंग्रजीसाठी बरेच विभाग टोफेल किंवा टोइकचा अधिकृत स्कोअर मागतात. ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ हे पत्र काहीच ठिकाणी पुरतं. तो स्कोअर दोन वर्षांच्या आतला हवा आणि संस्थेकडे थेट पोचायला वेळ लागतो.

इंजिनीअरिंगवाल्यांना एक जादा फॉर्म येतो आणि तो पाहून बरेच जण घाबरतात : निर्यात नियंत्रणाची चौकशी. परकीय व्यापाराच्या कायद्याखाली संवेदनशील तंत्रज्ञान कुणाला शिकवलं जातंय, हे विद्यापीठांना तपासावं लागतं. २०२२ च्या मेपासून त्यातले नियम आणखी कडक झाले. पुण्यातल्या एखाद्या संरक्षण प्रयोगशाळेत इंटर्नशिप केली असेल तर ती लपवू नका. तारखा, काम, मार्गदर्शकाचं पद साधेपणाने लिहा. एरोस्पेस, अणुऊर्जा, विशेष धातू, सेमीकंडक्टर या विषयांत ही तपासणी लांबू शकते. तेवढा वेळ वेळापत्रकात धरा.

प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ तुमच्या वतीने सी.ओ.ई. म्हणजे व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करतं. त्याला एक ते तीन महिने लागतात. इथे अडतं ते पैशाच्या पुराव्यावर. वडिलांच्या खात्यात गेल्या आठवड्यात एकदम बारा लाख आलेले दिसले तर ते कुठून आले हा प्रश्न येतोच. मुदत ठेव मोडली किंवा कर्ज मंजूर झालं असेल तर त्याचा कागद बँकेच्या पत्रासोबतच जोडा. सी.ओ.ई. निघाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये उतरावं लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या अर्जदारांचा व्हिसा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडून होतो. वसतिगृहाचा फॉर्म बहुधा प्रवेशपत्रासोबतच येतो आणि त्याची मुदत छोटी असते. तो चुकला तर बाहेरच्या घरासाठी अनामत, मालकाला द्यायचे आणि परत न मिळणारे ‘रेइकिन’, हमी कंपनी आणि एजंट धरून चार-पाच महिन्यांचं भाडं एकदम मोजावं लागतं.

भाषेचं थोडक्यात : इंग्रजी कोर्स असला तरी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन५ या सगळ्यात सोप्या पातळीइतकं वाचता यावं, त्याच्या वरची एन४ असेल तर उत्तम. ती परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यातही केंद्र आहे, पण नोंदणी काही महिने आधीच बंद होते. काताकाना, म्हणजे परदेशी शब्द आणि नावं लिहायची जपानी लिपी, मात्र विमानात बसण्याआधी पक्की हवी.

बॅग भरताना आधी औषधं पाहा. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असतं त्या जपानमध्ये बेकायदा आहेत आणि कोडीनवाल्या खोकल्याच्या औषधांवरही बंधनं आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची असतील तर आधी ऑनलाइन आयात-परवानगी काढा. आंबे, ताजी भाजी, कढीपत्ता घरीच ठेवा. मांसाचा अंश असलेलं काहीही नको. दळलेला गोडा मसाला, हळद, तिखट चालतं. विजेचं गणित तुम्ही स्वतःच करू शकता : तिथे १०० व्होल्ट. २३० व्होल्टची १००० वॅटची इस्त्री तिथे जेमतेम १९० वॅट देईल, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने घटते. इस्त्री, मिक्सर नेऊ नका. लॅपटॉपचा अडॅप्टर १०० ते २४० चा असतो, त्याला फक्त दोन चपट्या पिनांची वायर लागते. कुकर न्यायचा तर स्टीलचा, इंडक्शनच्या बुडाचा. बऱ्याच वसतिगृहांत इंडक्शनची शेगडी असते आणि ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर थंडच राहतो.

नारिता, हानेदा, कान्साइसारख्या मोठ्या विमानतळांवर ‘झाइर्यू कार्ड’ म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र तिथेच मिळतं. त्याच खिडकीवर आठवड्याला २८ तासांच्या अर्धवेळ कामाचा परवाना मागा. फॉर्म आधीच भरून हातात ठेवा, नंतर वेगळी चक्कर पडते. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवायचा. तिथेच आरोग्य विम्याचं काम होतं (दवाखान्यात तुम्ही तीस टक्के भरता). वीस वर्षं पूर्ण असतील तर निवृत्तिवेतनाचीही नोंद होते, तेव्हा विद्यार्थी-सवलतीचा फॉर्म त्याच दिवशी द्या, नाहीतर दर महिन्याची बिलं येतात. जन्मसाल जपानी शकात विचारलं तर २००३ म्हणजे हेइसेइ १५.

मग आधी आवाजी नंबर असलेलं सिम, नंतर बँक. नुसत्या डेटाच्या सिमवर खातं उघडत नाही. जपानमध्ये येऊन सहा महिने न झालेल्यांसाठी युचो ही पोस्टाची बँक सोयीची. खात्यावर नाव काताकानात जातं, आणि ‘जोशी’ एके ठिकाणी आखूड, दुसरीकडे स्वर ओढायची आडवी रेघ देऊन लिहिलं तर शिष्यवृत्ती परत जाते. एक रूप ठरवा, चिठ्ठीवर लिहून कार्डासोबत पाकिटात ठेवा, आणि विद्यापीठ, विमा, बँक तिन्हीकडे तेच दाखवा. पहिली रक्कम हातात पडायला महिना-दीड महिना लागू शकतो. मेक्स्टवाल्यांनीही सुमारे २,००० डॉलर सोबत आणावेत, असं त्यांच्याच सूचनांत लिहिलेलं असतं.

पहिल्याच आठवड्यात लॅबच्या सेक्रेटरींना सुरक्षा प्रशिक्षणाची तारीख विचारा. लेझर, क्रेन, गॅस सिलिंडर, रसायनं यांचे वेगवेगळे वर्ग असतात. ते वर्षातून एक-दोनदाच होतात, आणि हजेरीची नोंद झाल्याशिवाय त्या मशीनला हात लावू देत नाहीत.